तो पाय झाकून ठेवू नका

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी अशी एखादी मुलगी असेल. जन्मापासून तिच्या एका पायावर लाल-जांभळा, पसरट डाग आहे. तो पाय दुसऱ्यापेक्षा जाड आहे, कधी थोडा लांबही. मांडीच्या बाहेरच्या अंगाने एक फुगलेली, वेडीवाकडी शीर वर गेलेली दिसते. संध्याकाळ झाली की पाय जड होतो, ठणकतो. ती लहान असताना कुणी म्हणालं, आईने ग्रहण पाळलं नाही. कुणी म्हणालं, देवाची खूण आहे. मग फ्रॉक जाऊन सलवार आली, सलवार जाऊन साडी आली आणि तो पाय कायमचा झाकला गेला. लग्न ठरताना विषय निघाला नाही. लग्न झाल्यावर काढायचं धाडस झालं नाही.

आता तिला दिवस गेले असतील, तर हे आवाहन तुम्हाला आहे. आज वाचा. आजच तिच्याशी बोला.

या आजाराला क्लिपेल-ट्रेनॉने सिंड्रोम म्हणतात. मॉरिस क्लिपेल आणि पॉल ट्रेनॉने या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९०० साली त्याचं वर्णन केलं. आजार दुर्मीळ आहे. तुमच्या गावातल्या डॉक्टरांनी तो आयुष्यात एकदाही पाहिला नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गर्भ अगदी लहान असताना काही थोड्या पेशींमधल्या एका जनुकात बदल होतो. पीआयके३सीए हे त्या जनुकाचं नाव. हा बदल आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही नाही. ग्रहणाशी, विळीशी, कुणाच्या नजरेशी त्याचा काही संबंध नाही. आणि पोटातल्या बाळाला हाच आजार होईल, अशी धास्ती घ्यायचंही सहसा कारण नसतं. सासरच्यांनो, हे नीट ऐका. तिच्यात खोट नाही. कुळात खोट नाही. काही शिरा नीट घडल्या नाहीत, एवढंच.

पण एवढंच असलं तरी ते साधं नाही. जन्माआधीच विरून जायला हवी होती अशी एखादी मोठी शीर तिच्या पायात तशीच राहिलेली असू शकते. रक्त खाली परत येऊ नये म्हणून शिरांना आतून झडपा असतात. या शिरेला त्या नसतात, किंवा असून नसल्यासारख्या असतात. हृदयाकडे चढायचं रक्त तिथेच रेंगाळतं. पाटाचं पाणी तुंबलं की तळाला गाळ धरतो, तसं या शिरांमधलं रक्त गुठळी धरतं. त्यात गरोदरपण आलं. गरोदरपणात प्रत्येकच बाईचं रक्त लवकर गोठणारं होतं. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीराने आधीपासून केलेली ती तजवीज असते. शिरा सैल पडतात. वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर भार टाकतं. म्हणून निरोगी बाईलाही गरोदरपणात गुठळीचा धोका चार-पाच पटींनी जास्त असतो. तरीही निरोगी बायकांत तो हजारात एक-दोघींच्याच वाट्याला येतो. पण जिच्या शिरा जन्मापासून अशा आहेत, तिने या आकड्यावर विसंबून राहू नये.

पायातली गुठळी पायातच राहिली, तर पाय सुजतो आणि दुखतो. ती सुटली, तर रक्ताबरोबर हृदयात जाते आणि तिथून फुफ्फुसात अडकते. मग श्वास लागतो, छातीत कळ येते, बाई कोसळते. कधी कधी हे सगळं काही मिनिटांत होतं. घरात पाळणा आणून ठेवलेला असतो. दुपटी शिवून झालेली असतात. आणि घर मागे उरतं.

हे टाळता येतं. म्हणून तर तुम्हाला साद घालते आहे.

पहिलं काम अगदी साधं आहे आणि तेच सगळ्यांत अवघड आहे. तो पाय दाखवा. ताई, तुम्हीच हे वाचत असाल तर थेट तुम्हाला सांगते. तपासणीच्या टेबलावर डॉक्टर पोट बघतील, वजन घेतील, रक्तदाब मोजतील. पायावरून साडी वर करा असं कुणी म्हणणार नाही. तुम्हीच म्हणा. म्हणा, "डॉक्टर, माझ्या पायावर जन्मापासून डाग आहे, शिरा फुगलेल्या आहेत, पाय जाड आहे. एकदा बघा." पूर्वी त्या पायात गुठळी झाली होती का, शस्त्रक्रिया झाली होती का, डागावरच्या फोडांतून कधी रक्त आलं का, शौचातून किंवा लघवीतून रक्त गेलं का, सगळं सांगा. लाजू नका. हे तुमच्या बाळाच्या आईचं आयुष्य आहे.

आणि हे शक्य तितक्या लवकर करा. दिवस राहण्याचा विचार चालू असेल, तर त्याआधीच करा. दिवस गेले असतील, तर तिसरा महिना उलटायची वाट बघू नका. "तीन महिने कुणाला सांगायचं नाही" ही आपल्याकडची पद्धत शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ठेवा. डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात सांगा.

घाई का, तेही समजून घ्या. ज्यांना आधी गुठळी झालेली असते, त्यांतल्या काही जणी रोज रक्त पातळ करणारी गोळी घेतात. वॉरफरिन ही त्यातली जुनी गोळी. ती वारेतून बाळापर्यंत पोचते आणि विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाची, हाडांची घडण बिघडवू शकते. रिव्हारोक्सॅबान, अपिक्सॅबान या नव्या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. काहींना या आजारासाठी सिरोलिमस दिलेलं असतं, तेही दिवस राहण्याच्या बरंच आधी बंद करावं लागतं. म्हणजे पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना फोन. पण ऐका, गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका. गोळी बंद आणि इंजेक्शन सुरू नाही, असे मधले उघडे दिवस फार वाईट. एक थांबलं की दुसरं सुरू व्हायला हवं, आणि ती तारीख डॉक्टरांनी ठरवायची.

ते दुसरं म्हणजे हेपरिनचं इंजेक्शन. एनॉक्सापॅरिन हे त्यातलं आपल्याकडे सहज मिळणारं नाव. बारीक सुई, रोज ठरलेल्या वेळी, पोटाच्या कातडीखाली. प्रत्येकीलाच ते लागेल असं नाही. कुणाला पूर्ण नऊ महिने, कुणाला शेवटचे काही महिने, कुणाला फक्त बाळंतपणानंतर, हे आधीचा इतिहास, शिरांची अवस्था आणि वजन बघून ठरतं. या आजारात कधी कधी बिघडलेल्या शिरांच्या आत रक्त सतत थोडंथोडं गोठत राहतं आणि गोठवणारी द्रव्यं त्यातच खर्ची पडतात. मग गुठळीचाही धोका आणि रक्तस्रावाचाही, दोन्ही एकाच वेळी. म्हणूनच शेजारणीचा डोस उचलू नका. मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. तुमचा डोस फक्त तुमचा आहे.

आता घरच्यांशी बोलते. पोटात रोज सुई म्हटलं की घर हादरतं. सासूबाई म्हणतात, बाळाला लागेल. आई म्हणते, एवढी औषधं कशाला, आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं केली? तुमची काळजी खरी आहे. म्हणूनच सांगते. ती सुई कातडीखालच्या चरबीत जाते. गर्भाशय तिथून खूप आत असतं. हेपरिनचे रेणू इतके मोठे असतात की ते वार ओलांडून बाळाकडे जात नाहीत. बाळंतपणानंतर अंगावर पाजतानाही ते चालतं. टोचलेल्या जागी निळसर डाग पडेल, त्याला घाबरू नका. तिथे चोळू नका. रोज जागा बदला. बेंबीला लागून टोचू नका.

नवरेमंडळींनो, तुम्ही हे इंजेक्शन द्यायला शिका. दवाखान्यातली सिस्टर एका बैठकीत शिकवते. रोज रात्री आठ, तर आठ. मोबाइलमध्ये गजर लावा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि दवाखान्यात परत द्या. औषध उन्हात ठेवू नका, बर्फात गोठवू नका. संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणून ठेवा. दिवाळीत दुकान बंद होतं, पगार झाला नव्हता, एसटी चुकली, ही कारणं गुठळीला कळत नाहीत.

खर्चाचं काय? कळतं मला. नऊ महिने रोज इंजेक्शन म्हणजे कितीतरी घरांचं गणित कोलमडतं. म्हणून बरेच जण चार दिवस टोचतात, चार दिवस सोडतात. तसं करू नका. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गरोदर मातेला औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत मिळायला हवी, तो तिचा हक्क आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. भीड ठेवू नका. मागा. मिळालं नाही तर पुन्हा मागा. आणि तुमच्या गणपती मंडळाकडे, बचत गटाकडे, पतपेढीकडे शिल्लक असेल, तर यंदा ती अशा एखाद्या घराकडे वळवा.

आता जरा पायाकडे वळू. दाब देणारे मोजे मिळतात. पण या आजारात एक पाय जाड, एक बारीक. दुकानातली जोडी एका पायाला काचते आणि दुसऱ्याला सैल पडते. माप देऊन बनवून घ्या. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवा, कारण पाय खाली सोडला की सूज चढते. घरीच घट्ट पट्टी गुंडाळू नका. पाणी भरपूर प्या. सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांनी पाणी पोटात टिकत नसेल, तर "डोहाळे कडक आहेत" म्हणून सोडून देऊ नका. अंगातलं पाणी आटलं की रक्त आणखी दाट होतं. सलाईन लावायची वेळ आली असेल, तर ती दवडू नका. आणि कुणी "पूर्ण बेडरेस्ट" म्हणालं, तर डॉक्टरांना थेट विचारा: मी किती वेळ चालू शकते? पायाचे घोटे किती वेळा हलवू? निजून राहणं म्हणजे सुरक्षित असणं, असं या बाईच्या बाबतीत नाही.

इथे माहेरचा विषय येतो, आणि त्यावर जरा थांबून बोलायला हवं. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि पहिलटकरणीला माहेरी धाडायची, ही आपली रीत. रीत प्रेमाची आहे. आईच्या हातचं खाणं, आईच्या घरची झोप, कुणाला नको असतं? पण पाठवण्याआधी चार गोष्टी विचारा. माहेरच्या गावाजवळ रक्तपेढी असलेलं रुग्णालय आहे का? अतिदक्षता विभाग आहे का? भूलतज्ज्ञ रात्रीही असतात का? तिथल्या डॉक्टरांना या पायाबद्दल माहीत आहे का? चारही उत्तरं होय असतील, तर जरूर पाठवा. एकही उत्तर नाही असेल, तर या खेपेला आईनेच मुलीकडे यावं. रीत उलटली म्हणून काही बिघडत नाही. गावात कुणी नाक मुरडलं, तर मुरडू द्या.

प्रवास करायचाच असेल, तर डॉक्टरांना विचारून करा. मुंबईहून सावंतवाडी, पुण्याहून नांदेड, दुबईहून किंवा न्यू जर्सीहून घरी, अंतर कितीही असो, नियम एकच. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसायचं नाही. गाडी दर तासाला थांबवा. तिला उतरवा, दहा मिनिटं चालवा. विमानात मधल्या वाटेने फेऱ्या मारू द्या. लघवीला जावं लागेल म्हणून बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. तिला पाणी द्या आणि ती मागायच्या आधी गाडी थांबवा. इंजेक्शनं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सगळे रिपोर्ट हातातल्या पिशवीत असू द्या, डिकीत नको.

बाळंतपण कुठे आणि कसं, हे आठवा-नववा महिना लागायच्या आत ठरलेलं असायला हवं. या आजारात बिघडलेल्या शिरा पायापुरत्याच असतात असं नाही. त्या ओटीपोटात, योनिमार्गात, गर्भाशयाच्या भिंतीत, कधी पाठीच्या कण्याजवळही असू शकतात. म्हणून नॉर्मल की सिझेरियन हे ज्याच्या त्याच्या मताने ठरवायचं नाही. त्या शिरा कुठवर पसरल्या आहेत ते एमआरआयने कळतं. शक्य असेल तर हे दिवस राहण्याआधीच करून घ्या, आणि राहून गेलं असेल तर गरोदरपणातही औषध न टोचता एमआरआय करता येतो. कमरेत सुई देऊन भूल द्यायची असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीपासून दोन गोष्टी माहीत हव्यात. कण्याजवळ अशा शिरा आहेत का, आणि हेपरिनचं शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं. रोजच्या छोट्या डोसनंतर साधारण बारा तास आणि मोठ्या डोसनंतर चोवीस तास गेल्याशिवाय ती सुई देत नाहीत. म्हणून कळा सुरू झाल्यासारखं वाटलं की पुढचं इंजेक्शन टोचू नका. आधी रुग्णालयात फोन करा. रोजची वेळ वहीत लिहून ठेवा. रक्तगट त्याच वहीत लिहा आणि त्या गटाचे दोन-तीन रक्तदाते आधीच सांगून ठेवा. भाऊ, दीर, मित्र, कुणीही. आज फोन करून विचारा.

जगभरात या आजाराच्या कितीतरी स्त्रियांनी सुखरूप बाळंत होऊन सुदृढ मुलांना जन्म दिला आहे. तुमच्या घरातलीही देईल. फक्त बाळ रडलं, पेढे वाटले, म्हणजे सगळं पार पडलं असं मानू नका.

कारण सगळ्यांत मोठा धोका त्यानंतर सुरू होतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, त्यातही पहिले काही आठवडे, गुठळीसाठी गरोदरपणातल्या आठवड्यांपेक्षा जास्त घातक असतात. सिझेरियन झालं असेल तर आणखीच. आणि नेमकं याच वेळी घरातलं सगळं लक्ष बाळाकडे वळतं. बाळाची टाळू, बाळाची शी, बाळाचं बारसं. आई मागे पडते. इंजेक्शनं संपतात आणि कुणी म्हणतं, "सुटली बिचारी, आता कशाला टोचायचं?" हे वाक्य तुमच्या घरात कुणालाही बोलू देऊ नका. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले असतील, तर सहा आठवडे पूर्ण. बारशाच्या दिवशीही. पाहुण्यांनी घर भरलेलं असतानाही. रात्री तीनदा उठून ती थकलेली असतानाही. तिला आठवण राहणार नाही. तुम्ही ठेवा.

आजी, आत्या, मावशी, आता तुमची मदत हवी. बाळंतिणीची सव्वा महिन्याची निगा तुमच्या हातात असते. त्या निगेतली माया सगळी राहू द्या. डिंकाचे लाडू राहू द्या, अळिवाची खीर राहू द्या. थोड्याच गोष्टी बदला. तिला खाटेला खिळवू नका. डॉक्टरांनी उठवलं की उठवा, घरात फिरवा. पाणी तोडू नका. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं ही समजूत तिच्या जिवावर उठू शकते. दूध पाजणाऱ्या बाईला तर जास्तच पाणी लागतं. शेगडीचा शेक त्या पायाला देऊ नका. आणि मालिशवाल्या मावशींना दारातच सांगा: या पायाला हात लावायचा नाही. पाय दुखतो म्हणून मालिश, सुजला म्हणून आणखी जोरात मालिश, याने आतली गुठळी सुटू शकते. पाठ चोळा, हात चोळा. तो पाय नाही.

या आठवड्यांत गुठळी मेंदूच्या शिरेतही होऊ शकते. डोकं असं दुखतं की उतरतच नाही, डोळ्यांपुढे धूसर होतं, हातापायाची ताकद जाते, झटके येतात. आणि आपल्याकडे अजूनही काही घरांत बाळंतिणीला झटके आले की बाहेरची बाधा म्हणतात, लिंबू उतरवतात, देवऋषीला बोलावतात. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण आधी गाडी बोलवा.

बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा असेल, तर ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं त्या तिच्यासाठी नाहीत. सणावाराला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे दुकानातून सर्रास आणल्या जातात. त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका. सत्यनारायण पुढच्या महिन्यातही घालता येतो.

आशाताई, तुम्ही घरोघरी जाता. तुम्हाला जे दिसतं ते कुठल्याच तज्ज्ञाला दिसत नाही. गरोदर बाईची नोंद करताना एक प्रश्न जास्त विचारा: "अंगावर कुठे जन्मापासून मोठा डाग आहे का? एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का?" हा प्रश्न चारचौघांत विचारू नका, तिला बाजूला घेऊन विचारा. होय म्हणाली, तर जोखमीची माता म्हणून नोंद करा आणि तिला दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला घेऊन जा. तिथून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंतची चिठ्ठी मिळवून द्या. गोव्यातल्या भगिनींनो, तुमच्यासाठी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. गावच्या डॉक्टरांनो, तुमच्याकडे ती पाय दुखतो म्हणून आली, तर नुसती वेदनाशामक गोळी देऊन धाडू नका. डॉपलर सोनोग्राफी करायला पाठवा. त्यात किरण नसतात, बाळाला काही होत नाही. फुफ्फुसातल्या गुठळीचा संशय आला आणि मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅन सुचवला, तर घरच्यांनी तो बाळाच्या भीतीने नाकारू नये. त्यात बाळापर्यंत पोचणारे किरण अत्यल्प असतात. न करता राहिलेल्या निदानाचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

आता धोक्याच्या खुणा. हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवा. एका पायाची सूज अचानक वाढली. पोटरीत किंवा मांडीत कळ येते, पाय गरम लागतो, रंग बदलला. जांघेत, कुल्ल्यात, ओटीपोटात एका बाजूला सतत दुखतं, कारण गरोदरपणात गुठळी बरेचदा वरच्या शिरांमध्ये धरते आणि त्यातही डाव्या बाजूला जास्त. तिचा पाय नेहमीच थोडा सुजलेला असतो, म्हणून घरचे फसतात. "तिचा तो पाय असाच आहे" हे म्हणायच्या आधी तिलाच विचारा: रोजच्यासारखंच आहे की वेगळं वाटतंय? ती वेगळं म्हणाली, तर ते वेगळं आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल तर रात्री.

आणि श्वास लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, छाती धडधडायला लागली, भोवळ येऊन ती पडली, डोकं फुटेल असं दुखलं किंवा झटका आला, तर एक मिनिटही घालवू नका. गॅस झाला म्हणून ओवा देऊ नका. पित्त म्हणून झोपवू नका. अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं पाणी करत बसू नका. नवरा कामावरून येईपर्यंत थांबू नका. कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. शेजाऱ्यांनो, तिच्या घरी गाडी नाही आणि तुमच्या दारात आहे, तर किल्ली काढा.

१०८ ला फोन लावा आणि सांगा: "बाई गरोदर आहे. तिच्या पायाच्या शिरांना जन्मापासूनचा आजार आहे, क्लिपेल-ट्रेनॉने. तिला श्वास लागलाय. गुठळीचा संशय आहे." ती बाळंतीण असेल, तर किती दिवसांची ते सांगा. इंजेक्शन किती वाजता घेतलं ते सांगा.

हे शब्द आजच एका कागदावर लिहा. तिच्या पर्समध्ये एक प्रत, फ्रिजच्या दारावर एक, तुमच्या खिशात एक. सासू, सासरे, दीर, नणंद, शेजारी, घरात जो जो फोन उचलू शकतो, त्याच्याकडून ते आज रात्री पाठ करून घ्या. आणि उद्या सकाळी तिला घेऊन डॉक्टरांकडे जा.